दाब, धर, सोड

शटरखालून मार्चचा वारा आत शिरतो,
कॅन्ससचा वारा, कोठारांतल्या गव्हाची धूळ घेऊन.
चौतीस सालची फोर्ड स्टँडवर चढलीय,
टप चार बोटं कापून खाली आणलेला,
मागची चाकं भिंतीला टेकून उभी.
डेल्मर तिच्या पोटाखाली. फक्त बूट दिसतात.

चाळीस वर्षांत हिचं इंजिन त्याने तीनदा बदललं,
दर वेळी आधीपेक्षा मोठं.
पुढे डिस्क बसवले, तेही भावाने अबोला धरला म्हणून.
मागे मात्र तेच ड्रम.
"पळते ती गाडी," म्हणायचा,
"थांबते ती टपालपेटी."

मग ऑक्टोबरात, पावसात, मिठाच्या खाणीकडच्या फाटकापाशी
मागच्या एका ड्रमाने धरलं
आणि दुसऱ्याने ऐकलंच नाही.
शेपूट झोकांडत गेली, आणि आम्ही
शाळेच्या पिवळ्या बसपासून वीतभर अंतरावर थांबलो.
बसच्या मागच्या काचेत एक पोर होतं.
त्याने हात हलवला.
डेल्मरनेही हलवला.
घरी येईपर्यंत एक शब्द नाही.
फेब्रुवारीत खोकं आलं, दोघांनी उचलावं असं जड.
मागवलं होतं माझ्या नावावर.

ड्रम निघेना. हातोडा, उष्ण वात, शिव्या
(मेनोनाइट घरात वाढलेला माणूस, शिव्याही अर्ध्याच देतो).
आत काळी भुकटी. "फुंकू नकोस," म्हणत मी ओलं फडकं पुढे केलं.
चार नट काढले. मग एक्सल,
अडलेल्या गाईचं वासरू ओढावं तसा,
पाय रोवून, दोघांनी.

नवी चकती बसली, घासलेल्या ताटासारखी.
ड्रमांसाठी लाइनीत दहा पौंडांचा दाब अडवणारा व्हॉल्व्ह होता,
तो काढून दोनाचा लावला.
डिस्कला तेवढा धाक लागत नाही म्हणे,
नुसतं कुणाचं लक्ष असलं तरी पुरतं.

मग माझं काम. ते पहिल्यापासून माझंच.
सीटवर बसायचं, पेडलवर पाय.
खालून आवाज येतो:
दाब.
धर.
सोड.
आमच्या संसारातलं निम्मं बोलणं
या तीन शब्दांत झालं असेल.
थोरल्या लॉर्नच्या वेळी, दवाखान्यात,
घामाघूम होऊन हा मला हेच सांगत होता
आणि नर्स हसत होती.

पण पेडल मऊच. फुगलेल्या कणकेत पाय रुतावा तसं.
एक बाटली तेल संपलं, दुसरी फोडली.
नळीतले बुडबुडे थांबले,
तरी पाय तळाला जातो तो जातोच.
साडेआठ वाजले.
म्हणाला, मास्टर सिलिंडर गेला.
म्हणाला, हल्ली मालच खोटा.
म्हणाला, ड्रम काय वाईट होते.

मी उतरले. गुडघे कुरकुरले.
बॅटरी घेऊन त्याच्या शेजारी, थंड फरशीवर, आडवी झाले.
बऱ्याच वर्षांत असे शेजारी शेजारी पाठीवर पडलो नव्हतो.
ब्लीडरचं तोंड खाली होतं. दोन्हीकडे.
डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे.

"डेल्मर, हवा कुठे जाते?"
"बाहेर."
"वर," मी म्हटलं. "हवा वर जाते,
आणि आपण तिला तळघराच्या दारातून हाकलतोय."

तो छताकडे, म्हणजे गाडीच्या पोटाकडे, बघत राहिला.
मग पाना मागितला. चौदाचा.

सकाळी त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली
आणि न बोलता पलीकडून जाऊन बसला.
ही गाडी मी कधी चालवली नव्हती.
थांबवली मात्र हजारदा, जागच्या जागी.

शेतांमधला कच्चा रस्ता, सरळ, रिकामा.
काटा पन्नासवर आला तेव्हा मी दाबलं.
दगडावर पाय ठेवावा तसं पेडल.
शेपूट हलली नाही.
आमचीच धूळ मागून आली
आणि आम्हाला ओलांडून पुढे गेली.

"सोड," तो म्हणाला.
मी आणखी जरा वेळ धरून ठेवलं.