उसना पत्ता

रात्रीचे पावणेदोन. दौलतगंजात लाइट आत्ताच आली.
इन्व्हर्टर गप्प झाला, पंख्यानं वेग धरला,
आणि टेस्ट मशीन पुन्हा पडलं,
त्याच ओळीवर, चौथ्यांदा.

पडलं ती जागा म्हणजे नुसता आकडा, सोळा खुणांचा.
तोच आकडा प्रत्येक प्रोसेसकडे असतो
आणि प्रत्येकीला वाटतं, घर आपलंच.
बारा नंबर दौलतगंजात आमचा,
कंपूतही एक आहे,
शिंदे की छावणीत आणखी एक, निळ्या दाराचा.
बाबा सॉर्टिंगला होते, बाड्यावरच्या पोस्टात, एकतीस वर्षं.
म्हणायचे, नंबर आधी वाचू नये. आधी बीट वाचावी.
बीट बदलली की बारा नंबरात
दुसरीच माणसं जेवत असतात.

कर्नल हेच करतो, सेकंदाला हजारदा.
एकीची पत्त्यांची वही मिटतो, दुसरीची उघडतो,
आणि प्रोसेसरला तोंडपाठ झालेले जुने पत्ते
पुसून टाकतो. नाही पुसले
तर तो बेधडक शिरेल जुन्या घरात.
हे आमच्या गावाला काय सांगायचं?
फौज उठून गेली त्याला किती पिढ्या झाल्या,
आम्ही अजून लष्करात राहतो
आणि टेम्पोवाला बरोबर आणून सोडतो.

पण आजची चूक ती नव्हे.
कर्नलचे काही कामगार असतात, त्यांना स्वतःची वहीच नसते.
झाडलोट करणारे, डिस्कवर लिहून येणारे,
रात्रपाळीचे.
त्यांची पाळी आली की आधीच्याचीच वही उसनी घेतात.
खालचा अर्धा ज्याचा त्याचा असला
तरी वरचा अर्धा सगळ्या वह्यांत सारखाच,
आणि त्यांचं तेवढ्यावर भागतं.
खालच्या खोल्यांना हात लावायचा नाही, एवढीच अट.
वहीचा मालक मधेच गेला तरी हरकत नाही.
मोजणी मात्र चुकता कामा नये.

मोजण्या दोन ठेवतात.
या घरात राहतात किती,
आणि घर धरून आहेत किती.
पहिली शून्यावर आली की खोल्या रिकाम्या करतात,
सामान दुसऱ्यांना वाटून टाकतात.
चौकट तेवढी उभी, दुसरी मोजणी संपेपर्यंत.

माझ्या कोडात कुणीतरी
(मीच, मागच्या मार्चात)
वही उसनी घेताना एक वाढवायचं विसरलं
आणि परत करताना इमानदारीनं एक वजा केलं.
म्हणून चौकट आधीच मोडली गेली,
रात्रपाळीचा एकजण उंबऱ्यावर उभा असताना.

एक ओळ. टाइप करायला आठ सेकंद,
सापडायला अकरा दिवस.

मशीन उठेपर्यंत खाली जाऊन आलो.
दाराच्या फटीतून सरकवलेलं टपाल तसंच पडलेलं:
वीजबिल, हिचं बँकेचं काहीतरी,
आणि श्री. त्र्यंबक गोविंद मुळये, १२, दौलतगंज.
पेन्शनरांची वार्षिक सभा, अल्पोपाहाराची सोय आहे,
कृपया स्वतःचा चष्मा आणावा.

येत्या आषाढात दोन वर्षं होतील.
रामसेवक पोस्टमनला ठाऊक आहे, खांदा दिला होता त्यानं.
मी एकदा म्हटलं, यावर लिहून परत पाठवत जा.
त्यानं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.
"भैयाजी, बारह नंबर तो है ना अभी?"
आणि सायकल वळवली.

वर आलो तर मशीन चालू होतं.
पाचवी फेरी. नववी. चाळिसावी.
पाकीट न फोडताच कीबोर्डच्या बाजूला ठेवलं.
बदलाच्या नोंदीत कारण द्यावं लागतं;
मी लिहिलं, राहणारा गेला
तरी घर धरून कुणी असू शकतं,
त्याला मोजा.

मग ते खोडलं
आणि नीट लिहिलं, इंग्रजीत,
बहात्तर अक्षरांच्या आत.