एक मात्रा

गंगापूर रोडच्या कॉलेजात आज ओढेकर पुन्हा नास्तिक ठरले.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत.
मग मठ्ठा पिऊन खैरनार बाई बोलायला उठल्या
आणि चारच्या चहाला ते आस्तिक होते.

मी शेवटच्या रांगेत, पंख्याखाली.
बोलावणं नव्हतं. दारावरचं नाव वाचलं आणि आत शिरलो.
बोहोरपट्टीच्या बोळात आमचा छापखाना होता,
त्यांची सहा पुस्तकं मी खिळा खिळा जुळवलीत.
अजून उलटी अक्षरं मला सुलट्यांपेक्षा लवकर वाचता येतात.

दोन्ही बाजूंचा पुरावा एकच, शेवटच्या पानावरचा:
गोदेला पूर, पाणी उंबऱ्याशी,
आणि म्हातारी आतून ओरडते,
"देवाला सांगा, मी घरी नाही."
एक म्हणतात, बघा, दार लावून घेतलं.
दुसरे म्हणतात, जो नाहीच
त्याला निरोप कोण धाडतं?

हस्तलिखितात 'द'वर एक मात्रा होती.
तिच्या शेजारी आणखी काहीतरी:
दुसरी मात्रा, शाईचा शिंतोडा,
नाहीतर माशी बसून गेलेली.
देवाला की दैवाला?
मालक म्हणाले, जा, विचारून ये.

ते कपालेश्वरात सापडले.
इथे पिंडीसमोर नंदी नाही, सगळ्या नाशकाला ठाऊक.
त्या मोकळ्या जागी, पिंडीकडे पाठ करून,
रामकुंडाकडे बघत ते शेंगा सोलत बसले होते.
टरफलं मात्र खिशात टाकत होते.

प्रूफ उजेडाकडे धरलं.
बराच वेळ बघितलं, स्वतःचंच अक्षर.
"दोन मात्रांचे खिळे आहेत का रे शिल्लक?"
म्हटलं, "संपले. पंचांगाच्या फर्म्यात अडकलेत,
दिवाळीपर्यंत सुटायचे नाहीत."
ते इतके हसले की पुजारी बाहेर आला.
"मग राहू दे एकच," म्हणाले,
आणि मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या.

काय लिहिलं होतं ते सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही. सायकलला कुलूप नव्हतं.

"श्रोत्यांपैकी कुणाला काही?" अध्यक्ष म्हणाले.
माझा हात वर गेला होता, मलाच उशिरा दिसलं.
एक मुलगी माइक घेऊन धावत आली.
सगळ्या माना वळल्या. खैरनार बाईंनी चष्मा चढवला.

मी म्हणालो,
पंखा जरा कमी करा,
तुमचे कागद उडतायत.