धुण्याचा हिशेब

त्या वर्षी आम्ही लीग जिंकलो,
म्हणजे मी अकरा जर्स्या बावीस वेळा धुतल्या.
लक्झेंबर्गच्या आमच्या टोकाला खाणीची लाल धूळ
धुण्याच्या सोड्यालाही दाद देत नाही;
मेमध्ये कप उंचावला तेव्हा
पांढरे पट्टे गुलाबीच होते.

मेट्टी, आमचा गोली, रात्रपाळीहून थेट आलेला,
बँड वाजत असताना बाकावर झोपून गेला.
पाद्रीबाबांनी घंटा दोनदा वाजवली,
एकदा देवासाठी,
एकदा येम्पीच्या डाव्या पायासाठी.

मग युरोपचं पत्र आलं.
विमानात आधी कुणीच बसलेलं नव्हतं.
फोरमनने सगळ्यांचा तीन दिवसांचा पगार कापला
आणि स्वतःच त्यांना विमानतळावर सोडायला गेला.

रेडिओवर खरखर. निवेदकाला
आमच्या गावाचं नाव काही केल्या म्हणता येईना.
आठ-शून्य.
नववा गोल पंचांनी नाकारला,
तेव्हा कॅन्टीनमध्ये टाळ्या पडल्या.

शुक्रवारी बोचकं आलं.
काळी, चिकट, परकी माती.
मोजलं: दहा आमच्या, एक त्यांची.
येम्पीने अदलाबदल केली होती, मला न विचारता.

केवढा मोठा क्लब! कापड कसं मऊसूत,
छातीवर सोनेरी जरीचा बिल्ला.
धुताना उलटी केली
तर काखेत रफू.
घाईतलं, दोऱ्याचा रंगही न जुळलेला.

हात सोड्याच्या पाण्यात तसेच ठेवून
मी तो टाका बराच वेळ पाहत राहिले.
मग ती जर्सी वेगळी वाळत घातली.
रंग जाईल म्हणून नाही.