दुभाष्याचं सर्वनाम

वर्षातले दहा महिने मी सेलूच्या जिनिंगमध्ये
कापसाच्या गाड्यांचं वजन लिहितो.
उरलेले दोन, पत्र आलं की, वर्दीचे.
मालक कुरकुरतो, ऐन हंगामात चालला.
कुंदा ट्रंक उघडते, डांबरगोळ्यांचा वास झटकते,
म्हणते, पोट वाढलं तुमचं,
पट्ट्याला एक भोक पाडून आणा.

प्रादेशिक सेना. हुद्दा लहान, काम बोलायचं.
वर्ध्याला चिनी शिकलो होतो, कशासाठी
ते वडिलांना कधी नीट सांगता आलं नाही.
एका अक्षराचे चार सूर
रात्री तुरीच्या राखणीला मोठ्यानं घोकायचो.
रोही पळून जायचे.

तिथे तंबूत लांब टेबल, हिरवं कापड, दोन थर्मास.
आमचे साहेब म्हणतात 'मी',
मी म्हणतो 'मी'.
त्यांचे साहेब म्हणतात 'मी',
मी पुन्हा म्हणतो 'मी'.
संध्याकाळी जेवणाच्या रांगेत
स्वतःसाठी वरण मागताना घसा अडतो.

एकदा त्यांचा म्हातारा कर्नल
कागद आवरून झाल्यावर बाहेर बघत म्हणाला,
यंदा थंडी आपल्याला सोडायची नाही.
आपल्याला.
त्यांच्याकडे आहे तसा शब्द, ऐकणाऱ्याला आत घेणारा,
आणि दुसरा, त्याला दाराबाहेर ठेवणारा.
आपल्या मराठीतही आहेत दोन्ही.
साहेबांच्या हिंदीत नाहीत.
मी सांगितलं, 'हमें'.
साहेबांनी मान हलवली, वहीत काही लिहिलं नाही.
भाषांतर बरोबर होतं. परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते.

शिमग्याच्या आधी परत आलो
तर उरकुडा भोयर आणि सूर्यभान नेहारे
यांचा धुरा तसाच पेटलेला,
बोलणं बंद होऊन तिसरं वर्ष.
'तू त चिन्यायसोबत बोलतं म्हने,
याच्यासोबत बोलून पाय न गा.'

बोरीखाली बसलो. मी मधात.
दोघांची तोंडं दोन शिवारांकडे.
एक वऱ्हाडीत बोलला,
मी दुसऱ्याला वऱ्हाडीतच सांगितलं.
शिव्या तेवढ्या गाळल्या;
त्या त्यानं आधीच ऐकल्या होत्या.

मग उरकुडा म्हणाला,
'आमचं पानी आटलं.'
मी सूर्यभानला सांगितलं,
'आपलं पानी आटलं म्हनते.'

सूर्यभाननं मान वळवली.
'असं म्हनला तो?'
उरकुडा चपलेतला काटा काढत राहिला,
बराच वेळ,
काटा एवढा मोठा नसावा.

घरी जाताना तो माझ्या खांद्याशी आला.
'मी आमचं म्हनलो होतो.'
'मालूम हाये,' मी म्हणालो.
पुढे नाल्यापर्यंत दोघंही गप्प.

दिवाळीनंतर पुन्हा पत्र येईल.
पट्ट्याचं भोक अजून पाडायचंच आहे.