नाकासमोर

आडनाव आमचं पगार,
पण तो महिन्याच्या महिन्याला
घरात कुणालाच कधी मिळाला नाही.
मखमलाबाद नाक्याला आप्पांची पिठाची गिरणी.
दहावीपर्यंत मी तिथेच, डब्यांना चिठ्ठ्या लावत.
पुढे चिठ्ठ्यांची गरज उरली नाही.
झाकण उघडलं की कळायचं,
हे थेट्यांचं, ह्यात मेथ्या जास्त पडल्यात,
ही बाजरी गेल्या सालची,
आणि आप्पा, दगड तापलाय, थांबवा.

आप्पा म्हणायचे, पोरीला नाक आहे की काय आहे!
आई म्हणायची, मुलीच्या जातीला एवढं बरं नव्हे.

बी.एस्सी. झाले, सावरगावकडच्या वायनरीत लागले.
काम: प्रयोगशाळेतले ग्लास धुणे.
दिवसाला तीनशे. साबण बिनवासाचा.
आणि कुणी बघत नसताना
तळाशी उरलेला थेंब हुंगणे,
जे कामात धरलेलं नव्हतं.

ऐनापुरे सर ग्लास नुसता फिरवायचे
आणि अख्खा हंगाम वाचून दाखवायचे.
जानेवारीत त्यांना ताप आला, ताप गेला,
जाताना वास घेऊन गेला.
कुणाला कळलं नाही. मला कळलं,
कारण त्यांच्या डब्यातली भाजी उतरलेली होती
आणि सर ती शांतपणे खात होते.

फेब्रुवारीत टाक्या भरल्या.
एका रात्री सात नंबरपाशी
त्यांनी ग्लास माझ्यापुढे धरला,
आवाज खाली आणून म्हणाले, "काय येतंय?"
पुस्तकातले शब्द मला येत नव्हते.
म्हटलं, "आधी पेरूची साल.
मग काडेपेटीची काडी, विझल्यावरची.
आणि सगळ्यात मागे, सर,
आमच्या गिरणीचा दगड,
तापायच्या जरासा आधीचा."
सर बराच वेळ गप्प.
मग वहीत तसंच लिहिलं:
पेरू, काडी, गिरणी.

दीड महिना असा. मी हुंगायचे, ते लिहायचे.
मार्चअखेर मालकांच्या केबिनमध्ये
वही टेबलावर ठेवून म्हणाले,
"ह्यातलं नाक माझं नाही."
मी दारात, हातात ओला फडका.

बाविसाव्या वर्षी छापील कागदावर
अश्लेषा दत्तू पगार,
खाली हुद्दा, हुद्द्याखाली आकडा.
शून्यं दोनदा मोजली, तिसऱ्यांदा आप्पांनी.
चाळीस टाक्या. कोणती कशात मिसळायची,
कोणती सरळ मोरीत सोडायची,
माझ्या शब्दावर.

आई म्हणाली, दारू म्हणू नकोस कुणाजवळ,
द्राक्षाचं काम म्हण.
मावशीने फोनवर नाक मुरडलं, ते ऐकू आलं.
आठ वर्षं जुना खैरनार म्हणाला,
"आता नाकाने कांदे सोलू नको म्हणजे झालं."
मी हसले. कांदेही इथलेच,
नाकही इथलंच.

ह्या गावाचं नावच म्हणे
एका कापलेल्या नाकावरून पडलं.
लहानपणी गंगेवर ती गोष्ट ऐकताना
सगळी पोरं टाळ्या पिटायची,
मला मात्र वाटायचं, त्या बाईला पुढे
कशाचाच वास आला नसेल का,
रानाचा, भाताचा, स्वतःच्या केसांचा?
कुणाला विचारलं नाही.
परवा ऐनापुरे सरांनी निरोपाचा चहा घेतला.
आलं घातलेलं, गवती चहा घातलेला.
एक घोट घेऊन म्हणाले, "गरम आहे."
एवढंच.

उद्या सकाळी आठला पहिली चव,
मालक, दोन पाहुणे, आणि मी.
आणि आज दुपारपासून सर्दी.

पातेल्यावर डोकं, डोक्यावर टॉवेल,
उकळत्या पाण्यात मूठभर ओवा.
डोळ्यांतून पाणी येतंय, ओवा येत नाही.
आई बाहेरून विचारते, "आला का?"
थांब, म्हणते मी.
आप्पांनी गिरणी आज लवकर बंद केली असणार,
पिठाच्या अंगाने दारात उभे असणार.
एरवी हे मला
न बघता कळलं असतं.