एक सेंटिमीटर

तनाज सोलकर, वय चार, आली
तेव्हा तिची मांडी पोफळीच्या विरीत बांधलेली,
वरून आईच्या ओढणीच्या तीन गाठी.
काजूवरून पडली, आई म्हणाली,
बिया वेचत होते मी, पाठ होती माझी.
हे ‘पाठ होती माझी’ ती नंतर
दीड महिना सांगत राहिली, कुणालाही,
चहावाल्या पोरालासुद्धा.

मी प्लास्टरचा माणूस. डॉक्टर नव्हे.
दापोलीच्या या इस्पितळात एकतीस वर्षं
पट्टी पाण्यात बुडवतो, बुडबुडे थांबले की उचलतो.
पिळायची नाही, नुसती दाबायची.

पहिले आठ दिवस वजन.
कॉटच्या पायथ्याखाली जांभ्याचे दोन चिरे,
म्हणजे पोर वजनाकडे घसरत नाही.
पिशवीत हर्णैची वाळू, दीड किलोला थोडी कमी,
कोपऱ्यावरच्या वाण्याकडून तोलून आणलेली.
वाळू कसली तोलताय, तो विचारतो.
मांडीचे स्नायू हट्टी, मी सांगतो,
मोडलेली टोकं एकमेकांवर ओढून धरतात.
त्यांना दमवावं लागतं.

मग प्लास्टर. बरगड्यांखालून
मोडक्या पायाच्या बोटांपर्यंत, दुसऱ्या पायाला गुडघ्यापर्यंत,
मधे आडवी काठी.
ती धरून पोर उचलायचं नसतं. सगळ्या आया तीच धरतात.
मी ओरडतो.

फोटो बघून आई घाबरली.
टोकाला टोक नव्हतंच,
एक तुकडा दुसऱ्याच्या खांद्यावर चढलेला.
मुद्दाम ठेवलंय, खेडेकरबाई म्हणाल्या, एक सेंटिमीटर.
या वयात मोडलेलं हाड चिडल्यासारखं वाढतं.
आज बरोबर जोडलं तर उद्या लांब होईल.
आईने माझ्याकडे पाहिलं.
तिला वाटलं असणार, यांना जमलं नाही.

पलीकडच्या वॉर्डात जनार्दन पावसे, वय सत्तेचाळीस.
विंचचा दोर तुटून मांडीवर बसला
आणि किनारा सात तास लांब.
वल्ह्याला पाय बांधून आणला, जाळ्याच्याच दोरीने.
गाठी मला सुटेनात;
त्यानेच पडल्या पडल्या सांगितलं, कुठून ओढायची.
त्याला वाळू नाही. त्याला सळई,
खुब्याकडून हाडाच्या पोकळीत,
मशीनवर बघत बघत, हातोडीने.
दाराबाहेर ऐकलं तर वाटतं
आत कुणी होडी बांधतंय.
दुसऱ्या दिवशी वॉकर. तिसऱ्या दिवशी शिव्या.
माझंही ठेवायचं होतं की थोडं चढवून, तो म्हणाला,
वाढलं असतं.
बाई हसल्या नाहीत.
तुमचं मोजून बसवलंय, जनार्दनभाऊ.
तुमच्या हाडाचं वाढायचं वय गेलं.

माझं गेलं नव्हतं, बारा वर्षांचा होतो.
आंजर्ल्याच्या हाडवैद्याने कामट्या बांधल्या, अंड्याचा लेप,
आणि पंधराव्या दिवशी मीच सोडून विहिरीवर गेलो.
तेव्हापासून डाव्या चपलेला
टायरचा एक थर जास्त.
कुणाचा दोष ते सांगत नाही. थर सांगितला.

सहाव्या आठवड्यात करवत.
पोरं रडतात ती आवाजाला.
आत पाय बारीक, पांढरट, लव वाढलेली,
आणि कंबरेपाशी एक काजूची बी.
कुणी टाकली, कधी, तनाज सांगेना.
आई त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

पुढच्या वैशाखात दोघी आल्या.
टेप मी धरली, कंबरेच्या हाडापासून
घोट्याच्या आतल्या बाजूपर्यंत. दोनदा.
तीन मिलिमीटर.
किती, आईने विचारलं.
सारखा, मी म्हणालो.
मग राहवेना: उलट थोडा जास्तच.

जनार्दन आता बंदरावर बर्फ फोडतो.
बोटीवर जात नाही. थंडीत सळई कळते म्हणतो.

कॉट सध्या रिकामी आहे.
चिरे मी पायथ्याखालून काढलेले नाहीत.
काजूचे दिवस आहेत.