शाळा कुठे आहे?

मंगळवारी दहा वाजता, हल शहरात, वाचनालयाच्या वरच्या खोलीत
मी सहा जणांना वाट विचारायला आणि सांगायला शिकवतो.
एकतीस वर्षं बेव्हर्ली रोडवर बस चालवली,
म्हणून हा धडा माझ्या गळ्यात.

नकाशा झेरॉक्सचा. गाव कुठलंच नाही:
बँक, पोस्ट, चर्च, शाळा, एक नदी
आणि नदीत एक बदक, ज्याचा धड्याशी काही संबंध नाही.
सगळ्यांनी पेनानं हातांवर लिहून घेतलंय, एल आणि आर.
शिलान तर दोन्ही पंजे पसरून बसते
ओली मेंदी सांभाळावी तशी.
म्हातारा लुबोमीर आधी कागद फिरवतो, मग मान, मग खुर्ची.
कागद नाही, मी म्हणतो, तुम्ही वळा.
तो उठतो आणि खरंच वळतो,
खिडकीकडे. खाली ट्रक मागे येतोय, पीं पीं पीं.

मग कलतूमची पाळी.
एक्स्क्यूज मी, व्हेअर इज द स्कूल?
शाळा तिच्या अंगठ्याखालीच होती.
गो स्ट्रेट, ती म्हणाली. टर्न लेफ्ट.
गो पास्ट द चर्च. टर्न लेफ्ट अगेन.
एक चूक नाही. उच्चार स्वच्छ, थांबे जागच्या जागी.
माझं बोट तिच्या शब्दांमागून चालत गेलं
आणि नदीत उतरलं.

सगळे हसले. मीही. पुन्हा, म्हटलं.
पुन्हा नदी, या वेळी लांबच्या वळणानं.
बँक विचारली, बँकेत नेलं. पोस्ट, पोस्टात.
शाळा म्हटलं की बदकापाशी.
मी तिच्या हातावरचं एल दाखवलं.
आय नो लेफ्ट, ती म्हणाली.

चहाच्या वेळी झकारियानं तिचं अरबी
थोडं थोडं करून माझ्या कपात ओतलं.
विहिरीपाशी घोडे थांबले होते. घोड्यांवरच्यांनी हेच विचारलं होतं.
शाळेत तेव्हा चाळीस पोरं,
दाराला आतून बाकं लावून, श्वास दाबून.
तिनं कोरड्या ओढ्याकडे बोट केलं.
मग? मी म्हणालो.
झकारिया साखर ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती.

किती जणांना मी वाट दाखवली, बसच्या खिडकीतून, सिग्नल सुटायच्या आत.
कशाला जायचंय, असं कुणाला विचारलं नाही.

तक्त्यात दोनच रकाने: वाट सांगता येते, येत नाही.
पेन तिच्या नावापुढे टेकवलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला.

बारा वाजता तिनं कोट घातला,
नातीला शिशुवर्गातून आणायचं होतं.
वरून पाहिलं, दारातून निघून ती उजवीकडे वळली,
बरोबर, शाळेच्या रस्त्याला.
कोपऱ्यावर एका माणसानं तिला थांबवलं,
फोन पुढे धरून काहीतरी विचारलं.
तिनं आधी त्याचे बूट पाहिले.
मग दुसरा हात, खिशातला, बाहेर येईपर्यंत थांबली.
मग चेहरा.
मग बोट उचललं.